वाचकांचे प्रश्न : मार्गदर्शिका हाती घेऊन व्हिएतनाम

पर्यटन कंपनीबरोबर न जाता, मार्गदर्शिका म्हणजे प्रवासाचे माहितीपुस्तक वाचून, स्वतः आखणी करून आणि खर्च आटोक्यात ठेवून परदेशी कसे जावे, याविषयी आलेल्या पत्रांपैकी व्हिएतनामसंबंधीची पत्रे या अंकासाठी निवडली आहेत. देश एकच ठेवल्यामुळे उत्तरे नेमकी देता येतात. त्यांतली पद्धत श्रीलंका किंवा थायलंडच्या प्रवासालाही लागू पडेल.

प्रश्न : आम्ही दोघेही निवृत्त शिक्षक आहोत. २०२७ च्या फेब्रुवारीत दोन आठवडे व्हिएतनामला जाण्याचा विचार आहे. मुलाने इंग्रजी मार्गदर्शिका आणून दिली, पण तिचा आकार पाहूनच दडपण आले. पाहण्याजोग्या स्थळांची यादी करायला घेतली, ती दोन पाने भरूनही संपली नाही. सुरुवात कुठून करावी? (एक वाचक, सातारा)

उत्तर : केलेली यादी तूर्त बाजूला ठेवा आणि पुस्तकाची मागची पाने उघडा. हवामान, सणवार व सुट्ट्या आणि देशांतर्गत वाहतूक यांवरची प्रकरणे बहुतेक मार्गदर्शिकांत शेवटी असतात. वाचक ती सर्वांत उशिरा वाचतात किंवा वाचतच नाहीत. प्रवास स्वस्त होणार की महाग, सुखाचा होणार की दगदगीचा, हे मात्र याच पानांवरून ठरते, आणि तुमच्या बाबतीत तर पहिला निर्णय तिथेच बदलेल असे मला वाटते.

व्हिएतनामचे चांद्र नववर्ष, म्हणजे तेत, २०२७ मध्ये ६ फेब्रुवारीला आहे. हा तिथला सर्वांत मोठा सण. शहरांत काम करणारी माणसे आपापल्या गावी जातात, त्यामुळे सणाच्या आधी आणि नंतर काही दिवस रेल्वे, बस व विमाने भरलेली असतात. लहान खानावळी, दुकाने, काही संग्रहालयेसुद्धा बंद राहतात, आणि जी हॉटेले उघडी असतात त्यांचे दर चढलेले असतात. ज्यांना तो सण पाहायचा आहे त्यांनी जरूर जावे. मर्यादित खर्चात आणि शांतपणे देश पाहायचा असेल, तर तुम्ही प्रवास मार्चच्या पहिल्या पंधरवड्यावर ढकलावा, असे मी आग्रहाने सांगेन.

हवामानाचे पानही तेच सुचवते. हा देश उत्तर-दक्षिण सोळाशे किलोमीटरहून अधिक लांब पसरलेला असल्यामुळे तिथे एकाच महिन्यात तीन निरनिराळी हवामाने अनुभवाला येतात. मार्चमध्ये उत्तरेत हनोईला गारवा आणि बारीक भुरभुर असते, मध्य किनाऱ्यावर ह्वे आणि होई आन इथे बहुतेक कोरडे व प्रसन्न हवामान असते, तर दक्षिणेत हो चि मिन्ह सिटीला चांगलेच उकडते. छत्री, एक स्वेटर आणि सुती कपडे एवढ्यावर तुमचे भागेल. इथे एक गोष्ट सर्वच वाचकांसाठी लिहितो. मध्य किनाऱ्यावरचा पावसाळा आपल्यासारखा जूनमध्ये येत नाही, तो साधारण सप्टेंबर ते डिसेंबर असतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये थू बोन नदीचे पाणी होई आनच्या जुन्या गावात शिरण्याचे प्रसंग वारंवार येतात. दिवाळीच्या सुट्टीत तिकडे जाणारी मराठी कुटुंबे पुष्कळ आहेत. त्यांनी तिकिटे काढण्यापूर्वी हे एक पान वाचले, तर ऐन सुट्टीत हॉटेलच्या खोलीत बसून राहण्याची वेळ येणार नाही.

यानंतर नकाशा समोर घ्या. देशाचा आकार पाहिला की मार्ग जवळजवळ आपोआप ठरतो. हनोई ते हो चि मिन्ह सिटी हा रेल्वेमार्ग १,७२६ किलोमीटरचा असून पाहण्यासारखी बहुतेक गावे त्याच्यावर किंवा त्याच्या आसपास आहेत. त्यामुळे एका टोकाने देशात शिरावे आणि दुसऱ्या टोकाने बाहेर पडावे. विमानाचे तिकीट काढताना मुंबई ते हनोई आणि परतीला हो चि मिन्ह सिटी ते मुंबई असे मागा. तिकिटांच्या संकेतस्थळांवर 'मल्टी-सिटी' नावाचा पर्याय असतो, तो यासाठीच आहे. असे तिकीट साध्या जाण्या-येण्याच्या तिकिटापेक्षा थोडे महाग दिसले, तरी परत हनोईला येण्याचे भाडे आणि वाया जाणारा दिवस वाचतो.

दोन आठवड्यांची वाटणी अशी करता येईल. हनोईत चार रात्री काढाव्यात, त्यांतली एक 'हा लाँग' नावाच्या उपसागरातल्या बोटीवर घालवता येईल. पुढे चुनखडीच्या डोंगरांमधून होडीने फिरण्यासाठी निन्ह बिन्हला दोन रात्री, मग एक रात्र रेल्वेत, ह्वेला दोन रात्री, होई आनला तीन आणि शेवटी हो चि मिन्ह सिटीत दोन. ह्वे ते दा नांग हे १०३ किलोमीटरचे अंतर दिवसाच्या रेल्वेनेच कापा आणि डाव्या हाताची खिडकी मिळवा. हाय वान घाटात गाडी डोंगर आणि समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या वाटेने जाते, आणि दक्षिणेकडे जाताना समुद्र डावीकडे असतो. होई आनला रेल्वे स्थानक नाही. दा नांगला उतरून सुमारे तीस किलोमीटर टॅक्सीने किंवा बसने जावे लागते. दा नांग ते हो चि मिन्ह सिटी मात्र विमानाने जा, कारण रेल्वेला सतरा-अठरा तास लागतात. रात्रीच्या गाडीत चार बर्थांचा मऊ गादीचा डबा निवडा. तिथे खालच्या बर्थचे भाडे वरच्यापेक्षा जास्त असते, पण तुमच्या वयाला ते जास्तीचे पैसे देणे योग्यच आहे.

एवढे झाल्यावर ती लांबलचक यादी पुन्हा हाती घ्या. मार्गावर नसलेली स्थळे गाळली की ती निम्म्याहून कमी होईल. उरलेल्यांतून प्रत्येक मुक्कामी दोनच गोष्टी नक्की करा आणि बाकीचा वेळ मोकळा सोडा.

प्रश्न : सगळी माहिती मोबाइलवर फुकट मिळत असताना हजार-दीड हजार रुपयांचे पुस्तक का घ्यावे? मी विद्यार्थी आहे आणि माझ्यासाठी ही रक्कम लहान नाही. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : तुमची अडचण खरी आहे. तरीही पुस्तक वाचावे असे मी म्हणेन, मात्र ते नवे कोरे विकत घेतलेच पाहिजे असे नाही. दोघा-तिघा मित्रांत मिळून एक प्रत घेता येते, ग्रंथालयात मिळते, आणि मुंबईत फाउंटनच्या पदपथावर जुन्या पुस्तकांत शोधले तर कमी पैशांतही हाती लागू शकते.

पुस्तकाचा उपयोग प्रमाण कळण्यासाठी होतो. ज्या लेखकाने आठवड्यांमागून आठवडे एका प्रदेशात काढले, त्याने एका गावाला वीस पाने आणि दुसऱ्याला अर्धे पान दिले असेल, तर कुठे किती दिवस काढावेत याचा अंदाज त्या पानांच्या संख्येवरूनच येतो. संकेतस्थळांवर प्रत्येक गावासाठी 'अवश्य पाहावीत अशी दहा ठिकाणे' असतात. गाव राजधानीचे असो वा चार गल्ल्यांचे, ठिकाणे दहाच. शिवाय तिथले अभिप्राय निरनिराळ्या अपेक्षांच्या हजारो माणसांनी लिहिलेले असतात, आणि त्यांतले किती पैसे किंवा सवलत घेऊन लिहिलेले आहेत हे आपल्याला कळत नाही. पुस्तकात निदान मोजपट्टी एकच असते. लेखकाची आवड तुमच्याशी जुळत नसली, तरी चार पाने वाचून ती ओळखता येते आणि पुढे त्याप्रमाणे वजा-अधिक करता येते.

मार्गदर्शिकेची परंपरा जुनी आहे. लंडनच्या मरे या प्रकाशकाने १८३६ मध्ये युरोप खंडासाठी पहिली हस्तपुस्तिका काढली आणि जर्मनीच्या बेडेकर यांनी त्याच सुमारास ही पद्धत आणखी काटेकोर केली. पण ती पुस्तके मुख्यतः सुखवस्तू प्रवाशांसाठी होती. आपल्या खिशाला उपयोगी पडणारा प्रवाह पुढे आला. १९५७ मध्ये आर्थर फ्रॉमर यांनी दिवसाला पाच डॉलरांत युरोप कसा पाहावा, हे सांगणारे पुस्तक काढले. १९७२ मध्ये टोनी आणि मॉरीन व्हीलर हे तरुण जोडपे लंडनहून आशिया पार करत ऑस्ट्रेलियाला पोहोचले, आणि लोकांनी विचारलेल्या प्रश्नांना उत्तर म्हणून १९७३ मध्ये त्यांनी एक छोटी पुस्तिका छापली. लोनली प्लॅनेट या प्रकाशनाचा आरंभ तोच. तुमच्यासारख्या, वेळ भरपूर आणि पैसा थोडा असलेल्या वाचकांसाठीच या पुस्तकांचा जन्म झाला आहे, म्हणून ती महागडी चैन समजून दूर ठेवू नयेत असे मला मनापासून वाटते.

मोबाइलही हवाच. आजचे दर, रेल्वेचे वेळापत्रक, खोलीची नोंदणी आणि रस्ता शोधणे ही कामे त्याचीच आहेत. घरी पुस्तकावरून मार्ग ठरवा आणि प्रवासात लागणारी पाने फोनमध्ये छायाचित्र काढून ठेवा, म्हणजे ओझेही वाहावे लागणार नाही.

प्रश्न : आमच्या ग्रंथालयात व्हिएतनामची २०१८ ची आवृत्ती आहे. ती चालेल का? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : काही पानांपुरती चालेल. पुस्तकावर छापलेले साल प्रकाशनाचे असते आणि माहिती सहसा त्याच्या वर्षभर आधी गोळा केलेली असते, हे लक्षात ठेवून वाचा. इतिहास, भूगोल, हवामान, मंदिरांचे वर्णन, पायी फिरण्याचे मार्ग आणि कोणत्या वस्तीत राहणे सोयीचे आहे, ही माहिती हळूहळू शिळी होते. व्हिसा, दर, बसचे वेळापत्रक आणि खानावळी यांची माहिती मात्र लवकर निरुपयोगी होते, त्यातही करोनाच्या काळात पुष्कळ लहान हॉटेले कायमची बंद झाली.

व्हिएतनामच्या बाबतीत आणखी एक मोठा बदल झाला आहे. १ जुलै २०२५ पासून तिथल्या ६३ प्रांत व शहरांचे एकत्रीकरण होऊन ३४ उरली आणि जिल्हा हा मधला स्तर रद्द झाला. होई आन पूर्वी क्वांग नाम प्रांतात होते, ते आता दा नांग शहरात मोडते. फोंग न्हाच्या गुहा क्वांग बिन्हऐवजी क्वांग त्री प्रांतात गेल्या. त्यामुळे जुन्या पुस्तकातला पत्ता आणि आजच्या नकाशावरचा पत्ता जुळला नाही, तर गोंधळून जाऊ नका. रस्त्याचे आणि हॉटेलचे नाव धरून शोधा, प्रांताचे नाव सोडून द्या.

जुन्या पुस्तकातले दर टाकाऊ समजू नका, ते गुणोत्तर म्हणून वाचा. समजा, पुस्तकात फो या नूडल-सूपचा वाडगा ४० हजार डोंगांना (डोंग हे तिथले चलन) आहे आणि आज तशाच साध्या ठिकाणी तो ६० हजारांना मिळतो असे तुम्हाला मोबाइलवर दिसले, तर पुस्तकातल्या इतर साध्या खर्चांनाही दीडने गुणून पाहा. अंदाजपत्रक बऱ्यापैकी जवळ येते. सरकारी प्रवेश शुल्क आणि रेल्वेभाडे यांना हा हिशेब लावू नका, ते थेट ताजेच पाहावे.

हॉटेलांविषयी एक सावधगिरी हवी. ज्या लहान हॉटेलाची पुस्तकात भरभरून स्तुती असते तिथे गर्दी वाढते, दर वाढतो आणि पुष्कळदा सेवा घसरते. म्हणून पुस्तकातून वस्ती निवडावी आणि हॉटेल आजच्या दरांवरून शोधावे. हनोईत होआन किएम तलावाच्या उत्तरेचा जुना भाग निवडला, तर बहुतेक ठिकाणी पायी जाता येते आणि वाहनखर्च वाचतो.

प्रश्न : पुस्तकात 'बजेट' म्हणून दिलेली रक्कम आपल्या रुपयांत फारच मोठी वाटते. दोघांचा खरा खर्च किती धरावा? आणि भारतीयांनी कोणती माहिती वेगळी तपासावी? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : तुमच्या दुसऱ्या प्रश्नात फार महत्त्वाचा मुद्दा आहे, म्हणून आधी त्याचे उत्तर देतो. इंग्रजी मार्गदर्शिका अमेरिकी, ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन वाचक डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेल्या असतात. त्यामुळे व्हिसाचे पान वाचताना 'व्हिसाची गरज नाही' असे वाक्य दिसले, तर ते कोणत्या पारपत्रासाठी आहे हे आधी पाहा. भारतीयांना व्हिएतनामसाठी व्हिसा लागतो, पण तो घरबसल्या मिळतो. ऑगस्ट २०२३ पासून हा ई-व्हिसा ९० दिवसांपर्यंतचा असून एका प्रवेशासाठी २५ डॉलर आणि अनेक प्रवेशांसाठी ५० डॉलर शुल्क आहे. हुबेहूब सरकारी दिसणारी खासगी संकेतस्थळे याच कामाचे दुप्पट-तिप्पट पैसे घेतात, तेव्हा पत्त्याच्या शेवटी 'गव्ह डॉट व्हीएन' आहे याची खात्री करा. अर्जातले नाव पारपत्रावरच्या नावाशी अक्षरशः जुळले पाहिजे. आपल्याकडे वडिलांचे किंवा पतीचे नाव कुठे लिहायचे याचा गोंधळ होतो, आणि एका अक्षराच्या चुकीमुळे विमानतळावर अडवले जाऊ शकते. अर्ज निघण्याच्या दोन-तीन आठवडे आधी करावा. पारपत्राची मुदत किमान सहा महिने शिल्लक असावी.

पैशांचे पानही आपल्यासाठी अपुरे असते. भारतात डोंग सहजासहजी मिळत नाहीत, म्हणून काही डॉलर रोख आणि परकीय चलन भरलेले एक फॉरेक्स कार्ड न्यावे. नोटा स्वच्छ व न दुमडलेल्या असाव्यात, कारण डागाळलेले डॉलर तिथे घेतले जात नाहीत किंवा कमी दराने घेतले जातात. एक लाख डोंग म्हणजे साधारण ३३० ते ३५० रुपये एवढे मनात पक्के ठेवा. २० हजार आणि ५ लाख डोंगांच्या नोटा दोन्ही निळसर आहेत. संध्याकाळच्या उजेडात, टॅक्सीतून उतरण्याच्या घाईत, एकीऐवजी दुसरी दिली जाते आणि सोळाशे-सतराशे रुपयांचा फटका बसतो. पाच लाखांच्या नोटा पाकिटाच्या वेगळ्या कप्प्यात ठेवणे हा साधा उपाय आहे.

आता खर्च. वातानुकूलित, स्वच्छ, दोघांची खोली, दोन्ही वेळचे साधे जेवण, गावातले फिरणे आणि प्रवेश शुल्क मिळून रोज बारा ते पंधरा लाख डोंग, म्हणजे अंदाजे चार ते पाच हजार रुपये दोघांसाठी धरावेत. यात दारू, मोठी खरेदी आणि हा लाँगची रात्रीची बोट धरलेली नाही. बोटीसाठी स्वतंत्र रक्कम बाजूला काढा आणि सर्वांत स्वस्त बोट निवडू नका. वादळी हवेत बंदर अधिकारी फेऱ्या रद्द करतात, अशा वेळी पैसे परत मिळतील की नाही हे नोंदणीपूर्वी लेखी विचारून घ्या.

प्रश्न : आम्ही शाकाहारी आहोत. पुस्तकात खाण्याची जी पाने आहेत ती आमच्या काय कामाची? (एक वाचक, जळगाव)

उत्तर : निम्मी पाने सोडून द्या, पण शाकाहारावरची चौकट आणि शेवटची भाषेची पाने कापून खिशात ठेवावीत इतकी कामाची आहेत. व्हिएतनाममध्ये बौद्ध परंपरेतला शाकाहार जुना आहे. ज्या पाटीवर रोमन लिपीत सी-एच-ए-वाय ही अक्षरे दिसतील ती खानावळ शाकाहारी समजावी. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी अनेक व्हिएतनामी लोक मांसाहार टाळतात, त्यामुळे त्या दिवशी असे पदार्थ जास्त ठिकाणी मिळतात. आपल्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेत पौर्णिमा आणि अमावास्येच्या आसपासचा दिवस पाहून ठेवलात, की तुम्हाला ते आधीच कळेल. ह्वे हे शहर पॅगोडांमुळे या जेवणासाठी विशेष चांगले आहे.

साध्या खानावळीत मात्र 'मांस नको' एवढे सांगून भागत नाही. माशांपासून केलेला नुओक माम नावाचा रस टोफूवर आणि भाज्यांवरही घातला जातो, आणि फोचे पाणी हाडे उकळूनच केलेले असते. व्हिएतनामी भाषेत स्वरांच्या चढउताराने अर्थ बदलत असल्यामुळे आपण उच्चारलेले वाक्य समोरच्याला बहुधा कळणार नाही. म्हणून पुस्तकातले 'मी शाकाहारी आहे, मासळीचा रसही चालत नाही' अशा अर्थाचे वाक्य कागदावर जसेच्या तसे उतरवून घ्या आणि दाखवा. रेल्वेच्या रात्रीसाठी दशम्या, चटणी किंवा खाकरे बरोबर असू द्यावेत.

प्रश्न : मी पंचवीस वर्षांची असून एकटीने जाणार आहे. तिथे भाड्याने दुचाकी घ्यावी का? पुस्तकात तिची फार शिफारस आहे. (एक वाचक, पुणे)

उत्तर : एकटीने जरूर जा, दुचाकी मात्र घेऊ नका. तुमचा परवाना तिथे ग्राह्य नसेल तर अपघातानंतर प्रवास विमा कंपनी भरपाई नाकारू शकते, आणि परदेशातल्या रुग्णालयाचा खर्च संपूर्ण प्रवासाच्या खर्चाहून मोठा असू शकतो. शहरात ग्रॅबसारख्या ॲपवरून गाडी बोलवा. त्यात भाडे आधी कळते आणि वाहनाचा क्रमांक नोंदलेला राहतो. होई आनच्या सपाट रस्त्यांवर सायकल पुरते. हाय वान घाट पाहायचा असेल तर रेल्वे आहेच.

प्रश्न : पुस्तकात नसलेले किंवा थोडक्यात उरकलेले, पण भारतीयांनी मुद्दाम पाहावे असे काही तिथे आहे का? (एक वाचक, बेळगाव)

उत्तर : आहे, आणि त्यासाठी होई आनचा एक दिवस राखून ठेवावा. होई आनपासून अर्ध्या दिवसाच्या सहलीइतक्या अंतरावर 'मी सोन' या ठिकाणी मध्य व्हिएतनाममधल्या जुन्या चंपा राज्याच्या राजांनी चौथ्या ते तेराव्या शतकांत बांधलेल्या विटांच्या मंदिरांचे अवशेष आहेत. बहुतेक मार्गदर्शिका त्यांना दीड-दोन पाने देतात आणि तासाभरात फेरी उरकण्याचा सल्ला देतात, कारण त्यांच्या वाचकाला शिवलिंग, योनिपीठ आणि संस्कृत शिलालेख यांची ओळख नसते. तुम्हाला ती आहे. राजा भद्रवर्मनने इथे भद्रेश्वर नावाने शिवाची स्थापना केली होती, आणि राजाच्या नावावरून देवाला नाव देण्याची ही चाल आपल्याकडच्या देवळांतही आढळते. १९६९ मध्ये अमेरिकी बॉम्बहल्ल्यात यांतली काही मोठी मंदिरे कोसळली. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने २०१७ पासून इथल्या ए, एच आणि के या अक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या गटांतल्या मंदिरांचे जतनकार्य केले, आणि २०२० मध्ये त्या कामाच्या वेळी नवव्या शतकातले एकसंध दगडी शिवलिंग सापडले. १९९९ पासून हे स्थळ जागतिक वारसा यादीत आहे.

बसगाड्या भरून येणारे पर्यटक साधारण नऊनंतर पोहोचतात, म्हणून सकाळी लवकर निघणारी गाडी ठरवा आणि मंदिरांच्या गटांचा नकाशा पुस्तकातून छायाचित्र काढून बरोबर ठेवा. बी, सी आणि डी हे मधले गट सर्वजण पाहतात. तुम्ही तिथून पुढे ए गटापर्यंत चालत जा. इथे मिळालेल्या अनेक मूर्ती दा नांगमधल्या चाम, म्हणजे चंपा राज्यातल्या, शिल्पांच्या संग्रहालयात आहेत, तेव्हा परतताना किंवा विमानापूर्वी दोन तास त्या संग्रहालयासाठी काढावेत. आधी मी सोन आणि मग संग्रहालय असा क्रम ठेवला, तर कोणती मूर्ती कुठल्या देवळातली हे नकाशावर जुळवून पाहता येते.